गाडीचा दवाखाना : घाट उतरताना इंजिन पेट्रोल पितं का?

प्रश्न : काका, नमस्कार. मी चिपळूणची. गेल्या वर्षी, चाळिशी उलटल्यावर, गाडी शिकले. माहेर कराडला, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी कुंभार्ली घाट होतोच. गाडी पेट्रोलची, 1200 सीसीची. परतताना घाट लागला की आमचे हे गाडी न्यूट्रल करतात. म्हणतात, पेट्रोल वाचतं. क्लासचे सर मात्र 'दुसऱ्या गिअरमध्येच उतरायचं' म्हणायचे. पण दुसरा टाकला की इंजिन केवढ्यांदा ओरडतं! एवढं ओरडतंय म्हणजे पेट्रोलही पीतच असणार ना?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, उलटं आहे. उतारावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आहे आणि तुमचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नाही, अशा वेळी तुमचं इंजिन पेट्रोलचा थेंबही घेत नाही. न्यूट्रलमध्ये मात्र घेतं. हे तुमच्या यजमानांना पटायचं नाही. माझ्या गॅरेजवर येणाऱ्या निम्म्या गिऱ्हाइकांना पटत नसे. म्हणून जरा बॉनेट उघडून सांगतो.

कराडला मी ज्या उस्तादांच्या हाताखाली तयार झालो, ते पोरांना चार शब्दांत इंजिन शिकवायचे : ओढ, दाब, भडका, धूर. पिस्टन, म्हणजे इंजिनाच्या नळकांड्यातला दट्ट्या, खाली येताना हवा आणि पेट्रोल आत ओढतो. वर जाताना ते साधारण दहाव्या हिश्श्याएवढ्या जागेत दाबतो. तेवढ्यात प्लग ठिणगी टाकतो, भडका होतो आणि पिस्टन खाली ढकलला जातो. पुन्हा वर येताना तो धूर बाहेर काढतो. या चार फेऱ्यांत क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा, दोनदा फिरतो. जर्मनीत निकोलाउस ऑटोने 1876 साली असं इंजिन चालवून दाखवलं, आणि तुमच्या गाडीतही तोच हिशेब आहे. चौघांत कमावता फक्त भडका. बाकीचे तिघं बसून खाणारे. घाटात हे तिघंच कामाला येतात, पण ते पुढे.

एरवी इंजिन चाकांना फिरवतं. उतारावर गिअर टाकलेला असला की चाकंच गिअरबॉक्समधून इंजिनाला फिरवतात. गाडीतला कॉम्प्युटर बघतो, बाईंनी पाय उचललाय, तरी इंजिन दोन-अडीच हजार आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे, फिरतंय, मग पेट्रोल कशाला द्यायचं? तो इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारी तोटी, बंद करतो. आरपीएम हजार-बाराशेच्या जवळ उतरले की पुन्हा सोडतो, नाहीतर इंजिन बंद पडेल. तुम्हाला ऐकू येतं ते नुसतं फिरण्याचं ओरडणं. आत काही जळतच नसतं.

न्यूट्रल केलंत की चाकं आणि इंजिन यांची फारकत झाली. आता इंजिनाला स्वतःच्या जिवावर फिरत राहायचंय, म्हणजे पेट्रोल हवंच. छोटी गाडी उभ्या जागी तासाला अर्धा-पाऊण लिटर पिते. घाट उतरायला वीस मिनिटं धरा, पेलाभर पेट्रोल गेलं.

यजमानांची बाजूही सांगतो, नाहीतर घरी भांडण व्हायचं. कार्ब्युरेटर म्हणजे हवेच्या ओढीनेच पेट्रोल मिसळून देणारा जुना भाग; त्याच्या गाडीत असा कॉम्प्युटर नव्हता. पाय काढला तरी इंजिन फिरताना थोडं पेट्रोल ओढून घ्यायचंच, त्यामुळे न्यूट्रलवाल्यांच्या म्हणण्यात तेव्हा थोडाफार अर्थ होता. 2000 च्या आसपास आपल्याकडच्या नव्या गाड्यांत इंजेक्शन आलं. कार्ब्युरेटर गेला, सवय राहिली.

आता त्या तीन खाणाऱ्यांकडे. इंजेक्शनची रिकामी सिरिंज घ्या, तोंडावर अंगठा दाबा आणि दट्ट्या मागे ओढा. ओढवत नाही ना? पाय काढल्यावर हवेच्या वाटेवरची झडप, म्हणजे थ्रॉटल, जवळजवळ मिटते. तुमचं इंजिन 2400 वर फिरताना मिनिटाला चौदाशे लिटरच्या घरात हवा मागतं. गच्चीवरची हजार लिटरची टाकी आठवा, दीड टाकीच म्हणा ना. आणि मिळते फटीतून येईल तेवढीच. प्रत्येक पिस्टन अंगठा लावलेल्या सिरिंजसारखा ओढत राहतो. ती ओढ गाडीला मागे धरते. आमच्यातले पुष्कळजण 'कॉम्प्रेशनमुळे गाडी धरते' म्हणतात. ते तितकंसं खरं नाही. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी पिस्टनला परत ढकलते, घेतलेलं बरंचसं देऊन टाकते.

न्यूट्रलमध्ये हे धरणं गेलं की सगळा भार ब्रेकवर. त्याचं काय होतं ते मी बघितलंय. 1984 साली, एकोणीस वर्षांचा असताना, एका गिऱ्हाइकाची फियाट पोचवायला मी याच घाटातून निघालो. शेजारी उस्ताद झोपलेले, म्हणून मी ऐटीत न्यूट्रल केली. चारी चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्याला आतून लायनिंगच्या पट्ट्या घासणारे. सात-आठ वळणांनंतर जळका वास आला. तापलेला ड्रम फुगून लायनिंगपासून लांब जातो, पेडल खोल खोल जायला लागतं. पुढच्या वळणाला माझा पाय पार तळाला टेकला. उस्तादांनी उठून स्टीअरिंगला हिसका दिला आणि गाडी डोंगराच्या अंगाच्या चरात, चिखलात घातली. वाचलो. मी घाबरून ड्रमवर पाणी ओतायला गेलो तर खेकसले, "तडकंल की त्ये!" दीड तास तसेच बसलो. ते बोलले नाहीत, मी तर नाहीच.

तर ताई, जो गिअर चढताना लागतो तोच उतरताना ठेवा. क्लच दाबून उतरू नका, तेही न्यूट्रलच. आणि किल्ली बंद करून उतरणारे महाभाग असतात, त्यांच्या शेजारी बसूसुद्धा नका. ब्रेकला मदत करणारी ओढ इंजिनाकडूनच येते. इंजिन बंद झालं की दोन-तीनदा दाबण्यापुरती शिल्लक राहते, मग पेडल दगडासारखं घट्ट.

प्रश्न : माझी डिझेल पिकअप आहे. गिअरमध्ये असूनही ती उतारावर पेट्रोलच्या गाडीइतकी धरत नाही. इंजिनात दोष आहे का?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : दोष नाही. डिझेलला प्लग नसतो. हवा सोळा-अठरा पट दाबून इतकी तापवतात की डिझेल फवारताच पेटतं. वेग कमी-जास्त करायचा तो डिझेल कमी-जास्त करून. हवेची वाट सहसा उघडीच असते, म्हणजे सिरिंजवर अंगठाच नाही. म्हणून ट्रकला एक्झॉस्ट ब्रेक देतात. तो धुराची वाट अडवतो आणि पिस्टनला जोर लावायला लावतो.  तुमच्या पिकअपला तो नसेल तर माल भरून उतरताना एक गिअर आणखी खाली घ्या, आणि तोही घाटाच्या तोंडाशीच. वेग चढल्यावर पडता पडत नाही.