कृषी सल्ला: बीजी-२ कपाशीतही गुलाबी बोंडअळी का येते?

शेतकऱ्यांचे प्रश्न: पाकिटावरचं 'बीजी-२' म्हणजे काय? दोन जनुकं असूनही गुलाबी बोंडअळी का मरत नाही? बियाणं खरंच बीटी आहे हे कसं तपासायचं? नॉन-बीटी बी लावलं नाही तर चालेल का? घरची सरकी पेरावी का?

उत्तर: बीटी म्हणजे बॅसिलस थुरिन्जिएन्सिस, मातीत राहणारा जिवाणू. तो अळीला मारक असं 'क्राय' प्रथिन तयार करतो. हे प्रथिन बनवण्याची कृती ज्या डीएनएच्या तुकड्यात लिहिलेली असते, ते जनुक. ते कपाशीच्या पेशीत बसवायचं आणि त्या पेशीपासून ऊतीसंवर्धनाने अख्खं झाड वाढवायचं, ही झाली जनुकीय अभियांत्रिकी. भारतात २००२ साली क्राय१एसी या एका जनुकाची कपाशी आली. २००६ मध्ये क्राय२एबीची जोड मिळून बीजी-२, म्हणजे बोलगार्ड-२ आली.

अळीने पान किंवा बोंड खाल्लं की तिच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात हे प्रथिन सक्रिय होतं, आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक जागी चिकटतं आणि तिथे छिद्रं पडतात. ही चिकटण्याची जागाच बदललेली असेल तर प्रथिन पोटात जाऊनही अळी जगते. गुलाबी बोंडअळीने आता दोन्ही प्रथिनांना दाद न देण्याची ताकद मिळवली आहे. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्याने ते सोसलं. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांच्यावर बीटीचा परिणाम कधीच नव्हता.

ही ताकद आली कशी, ते बोंड फोडून पाहिलं तर कळतं. आपल्याकडची बीटी कपाशी संकरित आहे. झाडाच्या प्रत्येक पेशीत दोन्ही जनुकं असतात, पण बोंडातली सरकी पुढच्या पिढीची. हिशेबाने तिच्या १६ दाण्यांपैकी ९ मध्ये दोन्ही जनुकं, ३ मध्ये फक्त क्राय१एसी, ३ मध्ये फक्त क्राय२एबी आणि १ पूर्ण बिनबीटी निघतो. गुलाबी अळी बोंडात शिरून सरकीच खाते. म्हणजे एकाच बोंडात तिला कमी-जास्त विषाचे दाणे मिळतात आणि थोडी सहनशील अळी टिकून राहते. घरची सरकी पेरू नका म्हणतो ते याचसाठी. शिवाय संकराचा जोमही पुढच्या पिढीत कमी होतो.

बीटी बियाण्यासोबत येणारं नॉन-बीटी (बीटी जनुक नसलेलं) बी टाकून देऊ नका. त्या झाडांवर बीटी न खाल्लेले, साधे पतंग तयार होतात. प्रतिकारक पतंगांचा त्यांच्याशी संकर झाला की प्रतिकारशक्ती पसरण्याचा वेग कमी होतो. वेगळी पुडी असेल तर कडेने ५ ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, जे जास्त ते. बी पाकिटातच मिसळलेलं असेल तर निवडून काढू नका.

तपासणीसाठी बीटी पट्टी मिळते. कोवळ्या पानाचा छोटा तुकडा संचातल्या द्रावणात चांगला चुरडा, पट्टी बुडवा, सूचनेत दिलेला वेळ थांबा. नियंत्रण रेषेसोबत चाचणीची रेषा उमटली तर ते प्रथिन पानात आहे. नियंत्रण रेषाच उमटली नाही तर चाचणी बाद, नवी पट्टी घ्या. प्रथिन आहे एवढंच यातून कळतं. शेतातली अळी त्याने मरेल का, हे पट्टी सांगत नाही.

म्हणून नजर शेतावर ठेवा. पाते (फुलाच्या कळ्या) लागताच एकरी २ कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात ८ किंवा जास्त पतंग आले तर हालचाल करा. डोमकळ्या (अळीमुळे न उमलता गुलाबकळीसारखी मिटून राहिलेली फुलं) दिसताच तोडून नष्ट करा. शेतभर फिरून २० हिरवी बोंडं फोडा. २ बोंडांत जिवंत अळी सापडली की फवारणीची वेळ झाली. बाहेरून बोंड धडधाकट दिसतं, पण आत सरकी पोखरलेली आणि कापूस डागाळलेला असतो, त्यामुळे बोंड फोडल्याशिवाय ठरवू नका.

सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क पुरे: ५ किलो निंबोळी भरड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, २०० ग्रॅम साबणचुरा विरघळवून एकूण १०० लिटर करा आणि संध्याकाळी फवारा. उद्रेक वाढला तरच कपाशीसाठी शिफारस असलेलं कीटकनाशक लेबलवरच्या मात्रेत वापरा.

मे महिन्यात लागवड नको, आणि डिसेंबरअखेर पीक उपटाच. फरदड (वेचणीनंतर पुन्हा बोंडांसाठी राखलेलं तेच पीक) ठेवली तर अळीचा पुढचा हंगाम आपणच पोसतो. पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) बांधावर रचू नका, सुप्त अळ्या वाळक्या बोंडांत तशाच राहतात.