साइटवरचे साडेसहा तास धरून दुसरं तिकीट काढू नका

तुम्ही लिहिलंय की अंतर दाखवणाऱ्या साइटवर दोन शहरांमध्ये ५,५०० किमी आणि विमानाचे साडेसहा तास दिसले. त्या हिशेबाने उतरल्यावर दोन तासांनी सुटणाऱ्या दुसऱ्या विमानाचं वेगळं तिकीट काढताय. कृपा करून काढू नका. मी अगदी हेच केलं होतं.

त्या साइट काय करतात, तर पृथ्वीच्या गोलाईवरचं सगळ्यात जवळचं अंतर घेतात आणि त्याला ताशी ८००-९०० किमीने भागतात. त्यात वारा नसतो, धावपट्टीच्या रांगेतला वेळ नसतो, उतरायच्या आधीच्या घिरट्याही नसतात. लंडन-न्यूयॉर्क अंतर तुमच्याइतकंच आहे. पश्चिमेकडे जाताना वेळापत्रकात आठेक तास असतात, परतताना सातेक, कारण वरचे जोरदार वारे पूर्वेकडे वाहतात. फेब्रुवारी २०२० मध्ये एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं! उलट हेलसिंकी-टोकियो बघा. २०२२ मध्ये रशियाची हवाई हद्द बंद झाली आणि साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. शहरं होती तिथेच आहेत.

माझी चूक अशी की तिकिटावर उतरायची वेळ छापलेली असताना मी साइटचे तास सुटायच्या वेळेत मिळवत बसलो. खरी वेळ सव्वा तासाने पुढे होती. त्यात इमिग्रेशन, पट्ट्यावरून बॅग उचलणं, दुसऱ्या टर्मिनलला जाऊन ती परत चेक-इन करणं. पोचलो तेव्हा काउंटर बंद झाला होता, विमान उभं होतं.

पण खरा फटका पुढेच बसला. दोन्ही तिकिटं ज्या एजन्सीकडून काढली होती तिथे फोन केला, तर उत्तर मिळालं, "वेळ जुळवणं तुमचं काम." बरं, मान्य. पण जाताना विमान चुकलं की बहुतेक कंपन्या त्याच तिकिटावरचा परतीचा प्रवासही रद्द करतात, हे त्या माणसाने सांगितलं नाही. मी तेव्हाच विचारलं होतं, "परतीचं तिकीट चालेल ना?" तो म्हणाला, "बघू." आठ दिवसांनी विमानतळावर कळलं की माझी जागाच नाही. परतीचं तिकीट त्या दिवशीच्या भावाने घ्यावं लागलं. त्या "बघू"चा राग मला आजही येतो. माहिती नव्हती तर तसं सांगायचं, मी थेट विमान कंपनीला विचारलं असतं.

म्हणून माझं मत ठाम आहे: सगळा प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये घ्या, थोडा महाग पडला तरी. मग पहिल्या विमानाला उशीर झाला तर पुढची सोय सहसा कंपनीच करते. वेगळीच तिकिटं घ्यायची असतील तर मधे एक रात्र ठेवा. काहींना हे जास्त वाटेल, आणि नियम कंपनीगणिक बदलतात, तेव्हा आपल्या तिकिटाच्या अटी वाचाच.

आणखी एक, तिकिटावरच्या वेळा त्या त्या शहराच्या असतात. सरळ वजाबाकी करू नका. मार्चमध्ये तर जास्तच जपा: अमेरिकेत घड्याळं दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या. मधल्या दिवसांत लंडन-न्यूयॉर्क फरक पाचऐवजी चार तासांचा असतो.

तुमची दोन्ही विमानं एकाच टर्मिनलची आहेत का, ते पोस्टमध्ये नाही. पैसे भरण्याआधी तेवढं बघून सांगा.