काळ्या द्राक्षांचं सरबत तुरट का होतं?

प्रश्न : ताई, काळ्या द्राक्षांचं सरबत मिक्सरला करते तर घशाला तुरट लागतं आणि रंगही फिका येतो, काय करू? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : अगं, मिक्सर लावूच नकोस! बिया भरडल्या गेल्या की तुरटपणा उतरतोच, आणि रंग असतो सालीत, तो गार वाटून नीट सुटत नाही. निफाड-दिंडोरीकडची एक किलो द्राक्षं घे, स्वच्छ धू, जाड बुडाच्या पातेल्यात अर्धा कप पाणी घालून मंद गॅसवर ठेव आणि पळीने दाबत राहा, साली फुटून रस गर्द जांभळा दिसायला लागला की उकळी यायच्या आत बंद कर, उकळलंस तर ताज्या फळाची चव गेलीच समज. गार झालं की गाळ, पण चोथा घासू नकोस. साखर चाखूनच घाल, आपली द्राक्षं मुळात गोड असतात. लिंबू मात्र हवंच, त्याने रंगही खुलतो! ग्लासात एक भाग रस, दोन भाग माठातलं पाणी, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. उरलेला रस फ्रीजमध्येच ठेव, बाहेर राहिला तर उन्हाळ्यात पटकन आंबतो.