‘ट्रॅकसाठी सज्ज’ म्हणून घेतलेली गाडी सहाव्या फेरीत थांबली. कंपनी म्हणते, ‘हे रेसिंग होतं’

प्रश्न : माझा पुण्यात छोटा व्यवसाय आहे. चौदा महिन्यांपूर्वी माझ्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर एका सेडानचं सगळ्यात वरचं, ‘परफॉर्मन्स’ मॉडेल घेतलं. किंमत २८ लाख ४० हजार, म्हणजे त्याच गाडीच्या साध्या मॉडेलपेक्षा ४ लाख १० हजार जास्त. ब्रोशरवर ‘ट्रॅकसाठी सज्ज’ असं ठळक छापलं होतं आणि जाहिरातीतही गाडी रेस ट्रॅकवरच धावताना दाखवली होती. कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर एका ट्रॅक डेला, म्हणजे गाडीमालकांना स्वतःची गाडी ट्रॅकवर चालवू देतात त्या दिवशी, गाडी नेली. दुसऱ्या सत्रात ब्रेकचं पेडल खाली जाऊ लागलं आणि सहाव्या फेरीत गिअरबॉक्स तापल्याचा इशारा येऊन गाडी ‘लिम्प मोड’मध्ये गेली, म्हणजे तिने स्वतःची ताकद कमी केली. सर्व्हिस सेंटरने गिअरबॉक्समधला क्लच पॅक आणि पुढच्या ब्रेक डिस्क मिळून ३ लाख ६५ हजारांचं एस्टिमेट दिलं आणि ‘रेसिंग केलं’ म्हणून वॉरंटी नाकारली. आता कंपनी ‘गुडविल’ म्हणून निम्मा खर्च देते म्हणते, पण एका पत्रावर सही मागते. पुढचे ब्रेक पॅड मी बाहेरून बदलून घेतले होते. मी काय करू?

उत्तर : त्या पत्रावर आत्ता सही करू नका. तुम्ही पाठवलेल्या प्रतीत तिसऱ्या परिच्छेदात ‘सर्व दावे पूर्ण व अंतिमरीत्या मिटले’ असं वाक्य आहे. ते मान्य केलंत तर निम्मा खर्च हाती पडेल आणि जाहिरातीबद्दलची तुमची तक्रार तिथेच संपेल. माझ्या मते तुमच्या प्रकरणात खरा जीव त्या जाहिरातीतच आहे.

गाडी चांगली की वाईट, या वादात तुम्ही शिरू नका. तिथे कंपनीकडे इंजिनिअरांची फौज आहे. तुमच्या हातात एकाच कंपनीचे दोन कागद आहेत. ब्रोशर म्हणतं, ट्रॅकवर न्या. वॉरंटी पुस्तिका म्हणते, ‘रेसिंग’ केलंत तर जबाबदारी आमची नाही. पहिला कागद दाखवून तुमच्याकडून चार लाख जास्तीचे घेतले, दुसरा गाडी बंद पडल्यावर पुढे केला. ग्राहक तक्रार निवारण आयोगासमोर हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवायचे आणि तक्रारीची पहिली दोन पानं फक्त त्यावर लिहायची.

आपल्याकडे याला जवळचं उदाहरण आहे. जनरल मोटर्स इंडिया विरुद्ध अशोक रमणिकलाल टोलट हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात २०१४ साली निकालात निघालं. शेव्हर्ले फॉरेस्टर गाडी ‘एसयूव्ही’ म्हणून, खडबडीत वाटेवर चालणारी म्हणून विकली गेली होती. ग्राहकाने मालकाची पुस्तिका उघडली, तर तिथे ती साधी प्रवासी गाडी होती. याला अनुचित व्यापारी प्रथा ठरवून राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २५ लाखांची दंडात्मक भरपाईही लावली. सर्वोच्च न्यायालयाने तेवढी दंडात्मक रक्कम रद्द केली, कारण तक्रारीत ती मागितलेलीच नव्हती आणि कंपनीला त्यावर उत्तर द्यायची संधी मिळाली नव्हती. तुमच्यासाठी यातून दोन गोष्टी निघतात. जाहिरात आणि पुस्तिका एकमेकींच्या विरोधात असणं हा भक्कम मुद्दा आहे. आणि जे हवं ते सगळं पहिल्याच तक्रारीत, आकड्यांसकट मागायचं.

कंपनी काय म्हणेल ते आत्ताच ओळखून ठेवू. ‘ट्रॅकसाठी सज्ज ही जाहिरातीची भाषा आहे, ती कोणी शब्दशः घेत नाही.’ कायदा विक्रेत्याला थोडी बढाई मारू देतो. ‘गाडीत बसलात की मन उचंबळून येईल’ यावरून कोणी खटला भरू शकत नाही. पण जे मोजून तपासता येतं ते विधान बढाईत मोडत नाही. ‘ट्रॅकसाठी सज्ज’ तपासता येतं. ठरलेल्या वेळेच्या सत्रात तेल किती तापलं, ब्रेक टिकले की नाही, गाडीने स्वतःची ताकद कमी केली की नाही, या सगळ्याचे आकडे मिळतात.

ते आकडे महत्त्वाचे का, हे आयोगाच्या सदस्यांना साध्या शब्दांत सांगावं लागेल, कारण त्यांच्यापैकी कोणी ट्रॅकवर गाडी चालवली असेलच असं नाही. दीड टनाची गाडी ताशी १५० वरून ६० किलोमीटरवर आणताना ब्रेकना सुमारे ११ लाख ज्यूल उष्णता गिळावी लागते. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. रस्त्यावर असा प्रसंग एखाद्या वेळी येतो, ट्रॅकवर दर फेरीत येतो आणि मधे गार व्हायला उसंत नसते. डॉट ४ प्रकारचं नवं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. तेच पाणी शोषून जुनं झालं की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. तेल उकळलं की वाफ दबते आणि पेडल खाली जातं. गिअरबॉक्सचंही तसंच आहे. त्याच्या तेलाला वेगळा कूलर नसेल तर गाडी स्वतःला वाचवायला ताकद कमी करते. म्हणजे ट्रॅकसाठी सज्ज करायचं तर गाडीत उष्णता बाहेर टाकणारे जादा भाग हवेत. नुसते लाल कॅलिपर, मागचा स्पॉइलर आणि जास्त अश्वशक्ती पुरत नाहीत.

म्हणून एक काम ताबडतोब करा. तुमच्या मॉडेलचा आणि साध्या मॉडेलचा सुट्या भागांचा कॅटलॉग मिळवा आणि भाग क्रमांक जुळवून बघा : गिअर ऑइल कूलर, रेडिएटर, पुढची डिस्क, पॅड, ब्रेकला हवा देणारे मार्ग. दोन्ही मॉडेलांत हे क्रमांक एकच निघाले, तर ४ लाख १० हजार कशाचे घेतले, याचं उत्तर कंपनीला शपथेवर द्यावं लागेल. कागद हाती येत नसतील तर आयोगाला दिवाणी न्यायालयासारखे कागद मागवण्याचे अधिकार ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ नुसार आहेत. तसा अर्ज आपण करू शकतो.

अमेरिकेत याच मुद्द्यावर मोठा खटला झाला आहे. फोर्डच्या २०१६ च्या शेल्बी जीटी ३५० मस्टँगच्या मालकांनी २०१७ मध्ये फ्लोरिडाच्या संघीय न्यायालयात दावा केला. आरोप असा की ट्रॅकची गाडी म्हणून जाहिरात केलेल्या या मॉडेलच्या दोन खालच्या प्रकारांत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाचे) कूलर नव्हते, त्यामुळे ट्रॅकवर थोड्याच वेळात गाडी लिम्प मोडमध्ये जायची. वरच्या प्रकारांत ते कूलर होते. २०२३ मध्ये अपील न्यायालयाने काही राज्यांतल्या ग्राहकांचा एकत्रित दावा कायम ठेवला, काहींचा रद्द केला. तो निकाल आपल्या आयोगावर बंधनकारक नाही, आणि मी त्याच्यावर भिस्त ठेवणार नाही. पण कंपनीला कोणते प्रश्न विचारायचे, हे त्यातून नेमकं कळतं.

आता तुमच्या कमकुवत बाजू. त्या मी लपवणार नाही, तुम्हीही लपवू नका. पहिली, ब्रेक पॅड. बाहेरचे पॅड लावल्याचं बिल तक्रारीसोबत स्वतःहून जोडा. ते विरुद्ध बाजूने शोधून काढलं तर तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टीवरचाही विश्वास जाईल. पॅडमुळे डिस्कच्या खर्चावर वाद होईल, कदाचित तो भाग तुम्ही हरालही. पण पॅडचा आणि गिअरबॉक्सच्या तेलाच्या तापमानाचा संबंध लावणं कंपनीला जड जाईल. म्हणून एस्टिमेटमध्ये क्लच पॅकची आणि डिस्कची रक्कम वेगवेगळी लिहून मागा. दुसरी, ट्रॅकच्या आयोजकांना तुम्ही दिलेलं जबाबदारीमुक्तीचं पत्र. ते तुमच्यात आणि आयोजकांत आहे. गाडीच्या कंपनीला त्याचा आडोसा घेता येऊ नये, असं माझं मत आहे. तिसरी, ‘रेसिंग’ हा शब्द. तुमच्या पत्रावरून त्या दिवशी स्पर्धा नव्हती, वेळ नोंदवून क्रमांक दिले नव्हते, ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यात आणि इशारा मिळाल्यावर. तसं असेल तर आयोजकांकडून दिवसाचं वेळापत्रक आणि नियमांची प्रत मागून घ्या. कंपनीने स्वतः लिहिलेल्या अपवादाच्या कलमात संदिग्धता असेल तर तिचा अर्थ लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावला जातो. ‘रेसिंग’ म्हणजे ‘ट्रॅकवर चालवणं’ असं त्यांना म्हणायचं होतं, तर तसं लिहायला त्यांना कोणी अडवलं नव्हतं.

ब्रोशरच्या शेवटच्या पानावर अगदी बारीक अक्षरांत ‘ट्रॅक वापरासाठी अटी लागू’ असं काही आहे, असं तुम्ही लिहिलंय. घाबरू नका. केंद्र सरकारच्या जून २०२२ च्या जाहिरातविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार खुलाशाची ओळ मुख्य दाव्याच्या विरोधात जाऊ शकत नाही आणि महत्त्वाची माहिती दडवण्यासाठी वापरता येत नाही.

गाडी तुमच्या कंपनीच्या नावावर आहे, म्हणून तुम्ही ‘ग्राहक’च नाही, हा आक्षेप नक्की येईल. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डेमलर क्रायसलर इंडिया विरुद्ध कंट्रोल्स अँड स्विचगिअर या प्रकरणात सांगितलं आहे की संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी कंपनीने घेतलेली गाडी तेवढ्यावरून व्यापारी हेतूची ठरत नाही. तुम्ही ती भाड्याने देत नव्हता, तिच्यावर धंदा चालत नव्हता, हे शपथपत्रात स्पष्ट लिहायचं.

कोणाविरुद्ध तक्रार करायची, हे गोव्यातल्या एका प्रकरणावरून शिकावं. टाटा मोटर्स विरुद्ध अँटोनिओ पाउलो वाझ (२०२१) यात डीलरने जुन्या सालची गाडी विकली. पण त्यात उत्पादकाचा नेमका दोष दाखवला नव्हता, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाला सोडलं. तुमच्या बाबतीत ब्रोशर आणि जाहिरात उत्पादकाची, विक्रीच्या वेळचं बोलणं डीलरच्या माणसाचं. दोघांनाही सामील करायचं आणि कोणी काय केलं ते वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहायचं. त्या विक्री प्रतिनिधीचे व्हॉट्सॲप संदेश काढून टाकू नका. फोन बदलणार असाल तर थांबा. संदेशांच्या छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडू.

ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन दायित्वाचं, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या भरपाईचं, वेगळं प्रकरण आहे. त्याचा मोह होईल, इंटरनेटवर सगळे तेच सांगतात. ते तुमच्या कामाचं नाही. तिथल्या ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूचं झालेलं नुकसान वगळलं आहे. ब्रेक गेल्यामुळे तुम्हाला इजा झाली असती तर गोष्ट वेगळी होती, आणि ती झाली नाही याचं मला मनापासून बरं वाटतं. आपली तक्रार वस्तूतला दोष, दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा या तिन्हींवर उभी करायची. वॉरंटीचा करारच ‘अन्याय्य’ ठरवा असं मागू लागलो, तर प्रकरण राज्य आयोगाकडे न्यावं लागतं. त्याची गरज नाही. गाडीसाठी दिलेली किंमत ५० लाखांच्या आत आहे, तुम्ही पुण्यात राहता, म्हणून पुण्याचा जिल्हा आयोग. फी १,००० रुपये. मुदत दोन वर्षं. ती वॉरंटी नाकारल्यापासून धरता येते, पण जाहिरातीचा मुद्दा खरेदीच्या दिवसाला चिकटलेला आहे, म्हणून आपण खरेदीपासूनच मोजू. तुमच्याकडे दहा महिने आहेत आणि त्यातला एकही वाया घालवायचा नाही.

काय मिळेल? नवी गाडी मिळेल असं मी सांगणार नाही. एखादा भाग बदलून काम होत असेल तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश सहसा होत नाही. मारुती उद्योग विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा (२००६) हा निकाल कंपनीचे वकील पहिल्याच दिवशी काढतील. मी मागेन : गिअरबॉक्सची पूर्ण दुरुस्ती विनामूल्य, दोन मॉडेलांच्या किमतीतला फरक व्याजासह, मानसिक त्रासाची भरपाई, दावा खर्च, दंडात्मक भरपाई आणि आधीच्या जाहिरातीतली चूक सुधारणारी नवी जाहिरात. त्यातलं पहिलं आणि दुसऱ्याचा काही भाग मिळाला तर मी तो चांगला निकाल मानेन.

विमा कंपनीकडे जाऊ नका. खासगी गाडीच्या पॉलिसीत आयोजित शर्यती आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात आणि यांत्रिक बिघाडही. ‘ताम्हिणी घाटात झालं’ असं लिहा, असं तुम्हाला कोणी सुचवलंय. ते खोटं आहे आणि त्याने तुमचा हा दावाही बुडेल. तसंच दोष पुन्हा दाखवण्यासाठी एक्स्प्रेसवेवर गाडी तापवून बघू नका. सार्वजनिक रस्त्यावर धोकादायक वेगात गाडी चालवणं हा मोटार वाहन कायद्याखालचा गुन्हा आहे.

गाडी सध्या सर्व्हिस सेंटरमध्येच आहे, ही माझी सगळ्यात मोठी काळजी. गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमध्ये त्या दिवसाचे दोष-संकेत आणि तापमानाची नोंद असण्याची शक्यता आहे. एका सॉफ्टवेअर अपडेटने ती पुसली जाऊ शकते. म्हणून उद्या सकाळी डीलर आणि कंपनी दोघांनाही हा ईमेल पाठवा : ‘माझी गाडी आपल्या ताब्यात आहे. लेखी परवानगीशिवाय कोणताही दोष-संकेत पुसू नये, सॉफ्टवेअर बदलू नये, भाग उघडू किंवा टाकून देऊ नयेत. स्कॅनरच्या संपूर्ण अहवालाची आणि जॉब कार्डाची प्रत तीन दिवसांत द्यावी. आपला निम्म्या खर्चाचा प्रस्ताव मिळाला. माझे सर्व हक्क राखून मी त्यावर विचार करत आहे.’ दुपारी स्वतः सर्व्हिस सेंटरला जा, याच मजकुराची छापील प्रत द्या आणि तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. शिक्का द्यायला नकार दिला तर तिथूनच स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती माझ्याकडे आणा. मग नोटीस लिहायला बसू.