किडनी कापताना सायनसपाशी थांब

प्रिय डॉक्टर,

मूत्रपिंडाच्या ट्यूमरचे तुझे अलीकडचे रिपोर्ट वाचले. पेशींचं वर्णन नेमकं आहे, ग्रेडही, म्हणजे ट्यूमर किती आक्रमक दिसतो याची श्रेणीही, पटली. पण काही रिपोर्टांत रेनल सायनसबद्दल, म्हणजे किडनीच्या मधल्या चरबी-शिरांनी भरलेल्या पोकळीबद्दल, एक शब्दही नाही. हे पत्र त्यासाठीच लिहितोय.

किडनी टेबलावर आली की नजर आधी त्या पिवळ्या, रक्ताळलेल्या गाठीवर जाते आणि बाहेरची चरबी तिने गाठली का, हे आपण शोधू लागतो. तेही बघायचंच. पण बाहेरच्या बाजूला निदान तंतुमय आवरण तरी असतं. सायनसच्या बाजूला तसं काहीच नसतं. कॉर्टेक्स (किडनीचा बाहेरचा थर) संपतो तिथेच चरबी, शिरा आणि लसीकावाहिन्या सुरू होतात. क्लिअर सेल कार्सिनोमा, हा किडनीचा सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग, बहुतेक वेळा याच वाटेने बाहेर पडतो. गाठ 7 सेंमीहून मोठी असूनही सायनस मोकळा दिसला, तर आधी आपल्या सॅम्पलिंगवर शंका घे.

यात रुग्णाचं काय पणाला लागतं ते बघ. 5 सेंमीची गाठ किडनीपुरती असेल तर तिची स्टेज पीटी1बी. सायनसच्या चरबीत किंवा शिरेच्या एखाद्या फांदीत ट्यूमर सापडला की तीच पीटी3ए, म्हणजे बरीच पुढची स्टेज. अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर 2021मध्ये शस्त्रक्रियेनंतर द्यायच्या पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाला मान्यता दिली, तेव्हापासून हा फरक थेट उपचार ठरवतो. सुमारे वर्षभर चालणारी, घर विकायला लावणारी इंजेक्शनं द्यायची की नाही, हे ठरवताना ऑन्कोलॉजिस्ट तुझी स्टेजची ओळ वाचतो. ती ओळ तू न घेतलेल्या ब्लॉकवर (तपासणीसाठी मेणात बसवलेल्या तुकड्यावर) उभी असता कामा नये.

म्हणून घाई करू नकोस. आधी हायलममधली (किडनीत रक्तवाहिन्या शिरतात त्या खाचेतली) शीर उघडून बघ. तिच्या तोंडातून ट्यूमरचा थ्रॉम्बस (गुठळी) बाहेर डोकावतोय एवढ्यावरून मार्जिन पॉझिटिव्ह, म्हणजे कापलेल्या कडेला ट्यूमर आहे, असं लिहू नको. कापलेल्या कडेपाशी ट्यूमर शिरेच्या भिंतीला चिकटलेला आहे, हे स्लाइडवर दिसलं पाहिजे. मग किडनी उभी दुभाग, फॉर्मालिनमध्ये नीट मुरू दे आणि दुसऱ्या दिवशी पातळ काप घे. डोळ्यांना सायनसमध्ये शिरकाव स्पष्ट दिसला तर खात्रीसाठी एक ब्लॉक पुरे. दिसला नाही तर ट्यूमर आणि सायनस जिथे भिडतात तिथले किमान तीन घे. गाठीतून दर सेंमीला एक ब्लॉक हा हिशेब तुला ठाऊक आहेच. फक्त पांढुरके, मांसासारखे दिसणारे भाग सोडू नकोस, सार्कोमॅटॉइड बदल (ट्यूमर जास्त आक्रमक झाल्याची खूण) तिथेच सापडतो.

ग्रेडबद्दल थोडक्यात. फुर्मनची 1982ची ग्रेड देण्याची पद्धत आता मागे पडली. आता वापरात असलेल्या डब्ल्यूएचओ/आयएसयूपी पद्धतीत पहिल्या तीन ग्रेड न्यूक्लिओलस (पेशीकेंद्रकातला ठिपका) किती ठळक आहे यावरच ठरतात: सूक्ष्मदर्शकाखाली 100 पट मोठं करून स्पष्ट दिसला तर ग्रेड 3. ही ग्रेड किडनीच्या कर्करोगाच्या क्लिअर सेल आणि पॅपिलरी या प्रकारांसाठी आहे, क्रोमोफोब या प्रकाराला देऊ नकोस. तरुण रुग्णाचा पॅपिलरी ट्यूमर असेल आणि न्यूक्लिओलस मोठा, लालभडक, भोवती पांढरं वलय असलेला दिसला, तर एफएच (फ्युमरेट हायड्रेटेज) या प्रथिनाचा स्टेन मागव. तो आजार आनुवंशिक असू शकतो, भावंडांचीही तपासणी लागेल.

लिहिताना मौन बाळगू नको. सायनसमध्ये ट्यूमर मिळाला नसेल तर "किती ब्लॉक तपासले, आढळला नाही" असं स्पष्ट लिही. सोलापूरहून फाइल घेऊन मुंबईला आलेल्या माणसाचा नवा डॉक्टर तुला फोन करून विचारणार नाही. तुझ्या कोऱ्या जागेचा अर्थ तो त्याच्या मनाने लावेल.

आणि उरलेल्या किडनीचा एक ब्लॉक, गाठीपासून लांबचा, दर वेळी घे. त्यावर पीएएस हा स्टेन कर आणि ग्लोमेरुलस (रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे गुच्छ) व रक्तवाहिन्या शांतपणे बघ. आपल्याकडे यातले कितीतरी रुग्ण मधुमेही आणि रक्तदाबाचे असतात. एकाच किडनीवर पुढचं आयुष्य काढायचंय त्यांना. मधुमेहाचे बदल दिसले तर निदानाच्या भागात वेगळी ओळ लिही आणि सर्जनला कळव, म्हणजे ते रुग्णाला वेळेत नेफ्रॉलॉजिस्टकडे पाठवतील.

सस्नेह,
सर