अमेरिकेत काउंटीतल्या छोट्या शेतकऱ्याला जमीन-पाणी राखायला सरकारी पैसा कसा मिळतो?

अमेरिकी कृषी खात्याच्या दोन खिडक्या आहेत, पण बहुतेक काउंट्यांत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) त्या एकाच इमारतीत असतात. पहिली फार्म सर्व्हिस एजन्सी. आधी तिथे जाऊन ‘फार्म नंबर’ घ्यायचा. आपला सातबारा नसेल तर जसं काही हलत नाही, तसंच हे. तिथली काउंटी समिती शेतकरीच मत देऊन निवडतात, हे मला फार आवडतं.

दुसरी एनआरसीएस, म्हणजे माती-पाणी जपायला मदत करणारं खातं. १९३० च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनी माती उडवून नेली, त्यातून १९३५ साली हे खातं जन्माला आलं. त्यांची ‘इक्विप’ योजना कुंपण, गुरांसाठी पाणी, आच्छादन पिकं अशा कामांचा साधारण ७५ टक्क्यांपर्यंत खर्च उचलते. नवखा किंवा कमी उत्पन्नाचा शेतकरी असेल तर ९० पर्यंत, शिवाय काही रक्कम आगाऊ. एरवी पैसे काम तपासल्यावरच.

आणि इथेच लोक फसतात: करारावर सही होण्याआधी कुंपणाचा एक खांब जरी रोवलात, तरी त्या कामाचे पैसे गेले. आपल्याकडे पूर्वसंमतीआधी ठिबक घेतलं की अनुदान अडकतं, अगदी तसंच.

जमीन पडीकच ठेवायची असेल तर सीआरपी ही योजना बघा. १९८५ पासून चालू आहे. १० ते १५ वर्षं गवत किंवा झाडं राखायची, दरवर्षी भाडं घ्यायचं. मधेच करार मोडला तर मात्र घेतलेलं भाडं व्याजासकट परत.