वाचकांचे प्रश्न: आई शाळेत, बाळ आजीकडे

प्रश्न: मुलगी १९ वर्षांची, बारावीत आहे. बाळंतपणाला माहेरी आली, आता इथेच राहून परीक्षा देणार. बाळ तीन महिन्यांचं. शाळा साडेसात ते साडेबारा. बाळाला आंघोळ घालायला ती घाबरते, म्हणून सगळं मीच करते. हल्ली दूधही कमी वाटतंय. गाईचं सुरू करू का?
– एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर: आजी, गाईचं दूध नको, आणि कितीही उकाडा असला तरी सहा महिने वरचं पाणीही नको. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल आणि वजन वाढत असेल तर दूध पुरतंय. तरी शाळेचे पाच तास छातीत दूध साठून राहिलं की शरीर पुढचं दूध कमी बनवतं. म्हणून मधल्या सुट्टीत एकदा दूध काढायलाच हवं. वर्गशिक्षिकांना भेटून कडी लागणारी खोली आणि वीस मिनिटं मागून घ्या. संकोच करू नका. हात धुऊन अंगठा आणि तर्जनी काळ्या वर्तुळाच्या कडेला ठेवायची, आधी छातीकडे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची. नुसतं स्तनाग्र ओढलं तर दुखतं आणि दूधही येत नाही.

शाळेला निघताना बाळाला पोटभर पाजावं. मागे साधारण दीडशे ते दोनशे मिली काढलेलं दूध पुरतं. उकळून घेतलेल्या झाकणाच्या डब्यात ते २५ अंशांपर्यंत चार तास टिकतं; एप्रिल-मेमध्ये मात्र थेट फ्रिजमध्ये, आतल्या बाजूला ठेवा. दाराच्या कप्प्यात गारवा सारखा कमी-जास्त होतो. गॅसवर तापवू नका, डबा कोमट पाण्यात ठेवा आणि वाटी-चमच्याने पाजा. उष्टं उरलेलं दोन तासांनंतर टाकून द्या.

आता आंघोळीचं. तुम्ही मायेनंच करता, पण तिनं स्वतः केल्याशिवाय भीती जाणार नाही. टबात आधी गार पाणी, मग गरम. कोपर बुडवून पाहायचं. डावा हात मानेखालून नेऊन बाळाचा पलीकडचा दंड काखेशी धरायचा. साबण लागला की अंग निसटतं, म्हणून ही पकड आधी कोरड्या बाळावर चार-पाचदा करून घ्या. शेजारी बसा, पण हात मध्ये घालू नका. नाका-कानात तेल नको.

मूठ चोखणं, मान वळवून तोंड उघडणं ही भूक. रडण्यापर्यंत गेलं की बाळ नीट पकडत नाही. हे तिला ओळखू द्या. रडणं थांबेना आणि तिचा धीर सुटला तर बाळाला पाठीवर निजवून तिनं दोन मिनिटं बाहेर जावं. बाळाला हलवायचं, गदगदवायचं कधीच नाही. मेंदूला इजा होते.

चौदाव्या आठवड्याची लस आता आलीच असेल. कार्ड तिच्या हातात द्या, पुढची तारीख तिलाच विचारू द्या.

बाळ झोपलं तरी तिला झोप येत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त उदासी असेल, तर डॉक्टरांना दाखवा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.